चौदा चुली, एक सही

प्लेनो, टेक्सास
रविवार, ६ मे २००७

प्रिय सुमेधा,

सलाम. पाकिटाची जाडी बघून घाबरू नकोस, आम्ही सगळे धडधाकट आहोत. दादानं नाताळच्या कार्डाऐवजी चक्क पत्र लिहिलंय म्हटल्यावर तू आधी शेवटचं पान उलटशील, हे मी इथं बसून सांगतो. उलटू नकोस. ओळीनं वाच. शेवटच्या पानावर पोचायला मला एकवीस वर्षं लागली आहेत, तुला दहा मिनिटं लागतील.

तुझ्या रत्नावहिनीचा गुडघा आता बरा आहे. डॉक्टरनं चालायला सांगितलंय, म्हणून ती रोज गाडी काढून मॉलमध्ये जाते आणि तिथं चालते. हसू नकोस, इथं असंच असतं. परवा आमच्या कॉलनीच्या कमिटीची नोटीस आली की तुमच्या अंगणातलं गवत ठरलेल्या उंचीपेक्षा वाढलंय. मी म्हटलं, अरे बाबांनो, आमच्या नगरला एवढं गवत उगवलं तर आम्ही पेढे वाटू! आपली मराठी मंडळी महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी दुपारी चारला उपासनेसाठी इथल्या चर्चच्या हॉलमध्ये भरते. अकरा कुटुंबं झालीत. मी सेक्रेटरी आहे, म्हणजे खुर्च्या मांडणं, खुर्च्या उचलणं आणि जेवणाला कोण काय आणणार याची यादी करणं. गेल्या वेळी चार घरांनी पुलाव आणला आणि भाजी कुणीच आणली नाही. माझ्या यादीला एवढीच किंमत आहे.

तू मागं फोनवर विचारलंस, "दादा, तू नेहमी एवढ्या घाईनं का रे ठेवतोस फोन?" मी म्हटलं, फोनचं कार्ड संपतंय. कार्ड संपत नव्हतं, त्यावर चाळीस मिनिटं शिल्लक होती. हे पत्र म्हणजे ती चाळीस मिनिटं समज. फोनवर सांगितलं असतं तर तू "असू दे रे" म्हणाली असतीस आणि मी सुटलो असतो. इतक्या स्वस्तात मला सुटायचं नाही.

आधी अदितीचं सांगतो, कारण सगळं तिच्यापासूनच निघालं.

तुला माहीतच आहे, डिग्री झाल्यावर मेडिकलची मिळालेली ॲडमिशन एक वर्ष पुढं ढकलून ती मागच्या जूनमध्ये ग्वाटेमालाला गेली, एका मिशन संस्थेची स्वयंसेवक म्हणून. मी आकाशपाताळ एक केलं होतं. म्हटलं, "अगं, अमेरिकेतल्या मडमा नगरला आल्या, त्यांनी शाळा काढल्या, त्या शाळेत अण्णा मास्तर झाले, म्हणून मी शिकलो, म्हणून अमेरिकेत आलो. आता माझीच मुलगी इथून मडम होऊन निघाली? हे चाक थांबणार आहे की नाही?" त्यावर ती काय म्हणाली असेल? "बट बाबा, थांबवायचं कशाला?" आणि मोजे घड्या करून बॅगेत भरत राहिली. तू पाठवलेलं तुझं नर्सिंगचं, छातीला उलटं टाचायचं घड्याळ तिनं सगळ्यात वर ठेवलं होतं.

मला वाटलं, महिन्याभरात कंटाळेल. इथून पुष्कळ लोक जातात ग. सगळ्यांचे एकाच रंगाचे टीशर्ट, शाळेच्या भिंतीला रंग, पोरांना कडेवर घेऊन फोटो, की शनिवारी परत. पण ही राहिली. डोंगरातलं गाव, शहरापासून पिकअपनं चार तास. बायांना स्पॅनिशसुद्धा जेमतेम येतं, त्यांची स्वतःची माम नावाची भाषा आहे. हिनं तीही शिकायला घेतली. तिथं घराच्या मधोमध तीन दगडांची चूल. घरभर धूर, बायांचे डोळे लाल, पोरं दिवसभर खोकतात. संस्थेचं काम म्हणजे विटांची, वर लोखंडी तवा आणि मागं धुराडं असलेली चूल बांधून द्यायची. अदिती गवंडीकाम शिकली. आपल्या अण्णांची नात, जिला इथं कपाटाचा स्क्रू पिळता येत नव्हता, ती ओळंबा लावून विटा रचायला लागली. जानेवारीपर्यंत चौदा चुली.

जानेवारीत तिनं ईमेलनं फोटो पाठवला. दोन्या फेलिपाचं स्वयंपाकघर. दोन्या म्हणजे आपल्या 'बाई'सारखं, आदरानं लावायचं. अदिती हिच्याच घरी राहते. पांढरीशुभ्र चूल, बाजूला हसणारी फेलिपा, आणि चुलीच्या वर आढ्याला टांगलेली मक्याची कणसं, जुन्या धुरानं तपकिरी झालेली.

सुमे, तो फोटो बघून माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? की आता या बियाण्याला धूर कोण देणार?

तुला आठवत असेल. शाळेच्या क्वार्टरमध्ये आई चुलीवर बियाण्याची ज्वारी-मक्याची कणसं टांगायची. काळीकुट्ट व्हायची, पण किडा शिवायचा नाही. मग अण्णांनी हौसेनं रॉकेलचा स्टोव्ह आणला, चूल बंद झाली, आणि त्या साली सोंड्यांनी बियाण्याचं पीठ केलं. आई म्हणाली होती, धूर डोळ्याला वैरी असतो आणि बियाण्याला राखणदार. मला हे शब्दन् शब्द आठवलं. दहा ओळींची ईमेल पुरली असती.

मी लिहिली नाही. विसरलो नाही, मुद्दाम लिहिली नाही. मी मनात म्हटलं, होऊ दे किडके. फजिती होईल, रडत घरी येईल आणि ऑगस्टमध्ये गुमान कॉलेजात जाईल. स्वतःच्या लेकीबद्दल मी हा विचार केला. फोटोला उत्तर काय पाठवलं? "व्हेरी नाइस!"

मार्चमध्ये तिचा फोन आला की तिला अजून दोन वर्षं राहायचंय. मी दहा दिवसांची रजा टाकली. रत्नाला सांगितलं, भेटून येतो. खिशात मात्र परतीची दोन तिकिटं होती, एक माझं आणि एक अदितीच्या नावाचं.

ती मला न्यायला पिकअप घेऊन खाली आली. पायात गमबूट, उन्हानं रापलेली, शर्टाला तुझं उलटं घड्याळ. पिकअप सोडल्यावर पायवाटेच्या चढावर मी चार वेळा थांबलो. लहानपणी रात्र रात्र जिला धाप लागायची, जिच्यासाठी तू नगरहून ओव्याची पुरचुंडी पाठवायचीस, ती पोरगी माझी बॅग पाठीवर टाकून पुढं चालली होती आणि वर मलाच म्हणत होती, "बाबा, नाकातून श्वास घ्या, नाकातून." गावात शिरलो तर दारादारांतून पोरं तिला हाका मारत होती. तिला तिथं 'दीती' म्हणतात. पोरांचा खोकला खरंच कमी झाला होता, हे मीही मान्य करतो. भाकरी आपल्यासारखीच, फक्त मक्याची, लहान आणि हातावर थापलेली. मी सहा खाल्ल्या, फेलिपा खूश झाली.

जेवताना माझ्या पायाशी जमिनीवर बारीक पीठ पडलेलं दिसलं. वर बघितलं. कणसांतून गळत होतं. मी परत गप्प बसलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी अदितीची ओढणी दोरीत अडकली आणि एक कणीस खाली आलं. तिनं उचललं, तळहातावर आपटलं. भोकं, पीठ आणि वळवळणारे सोंडे. तिनं दुसरं काढलं, तिसरं काढलं. फेलिपानं पटकन वर फडकं टाकलं, पाहुण्यासमोर नको म्हणून. अदितीनं विचारलं (त्यांचं बोलणं तिनं मला नंतर सांगितलं), कधीपासून? फेलिपा म्हणाली, धूर गेल्यापासून. "मग मला सांगितलं का नाही?" तर ती बाई म्हणाली, "तू एवढ्या लांबून आलीस, एवढ्या आनंदानं बांधत होतीस."

पोरगी पांढरीफटक पडली. पेरणी सहा आठवड्यांवर आलेली. ते काही खायचं धान्य नव्हतं, निवडून ठेवलेलं बी होतं. मला वाटलं, झालं, आता रडेल. मी तिकिटाला हात लावून पाहिला, हे लिहायलाही लाज वाटते.

रडली ना, पण पाचच मिनिटं. मग तोंड धुतलं आणि फेलिपाजवळ बसून तिच्या भाषेतली दोन वाक्यं घोकून पाठ केली. 'मी तुम्हाला आधी विचारलं नाही. चूक माझी आहे.' एवढीच. आणि निघाली. चौदाच्या चौदा घरं, दोन दिवसांत. मी मागून पाण्याची बाटली घेऊन. प्रत्येक दारात उभी राहून ती ती दोन वाक्यं म्हणायची. काही बाया उच्चारावर हसायच्या, ती परत म्हणायची. संस्थेनं सांगितलं होतं, पुस्तकात असं होतं, मला कुणी बोललं नाही, यातलं एक अक्षर नाही. एका घरी माकारिओ नावाच्या म्हाताऱ्यानं तिला अर्धा तास झापझाप झापलं. मला एक शब्द कळला नाही, पण झापणं कुठल्याही भाषेत कळतं. माझं रक्त उसळलं. ती मान खाली न घालता त्याच्याकडं बघत ऐकत राहिली. त्याचं संपल्यावर म्हणाली, हो, खरंय. म्हातारा आत गेला आणि तिच्यासाठी स्टूल घेऊन आला.

अगं, मी चाळीस माणसांच्या टीमचा मॅनेजर आहे. इतक्या वर्षांत 'चूक माझी' असं म्हणणारा एक माणूस मी पाहिला नाही, आरशातसुद्धा नाही. मी तिच्याकडं बघत राहिलो. मला अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाला मी लायक नाही हेही कळलं.

घरं संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया फेलिपाच्या अंगणात जमल्या. चुली मोडायच्या नाहीत यावर एकमत, पोरं झोपतात आता. मग बियाण्याचं काय? फेलिपानंच काढलं की गावासाठी एक वेगळी झोपडी करू, तीन दगडांची जुनी चूल आत, आळीपाळीनं धूर घालायचा, आणि चौदा घरांचं बी तिथंच टांगायचं. जी कणसं वाचली होती ती निवडली, कमी पडलं ते वरच्या गावातल्या सोयऱ्यांनी द्यायचं ठरलं. मी तेव्हा उठलो आणि कणसांची सालं मागं ओढून त्यांची वेणी घालून जोड्या बांधायला बसलो, आई बांधायची तशा. बाया बघायला लागल्या. फेलिपानं अदितीला विचारलं, तुझ्या बाबांना हे कसं येतं?

अदितीनंही विचारलं, पण वेगळंच. कणसं माझ्या हातात देता देता म्हणाली, "बाबा, आत्याला मिशननं रिजेक्ट केलं तेव्हा ती ओके होती ना? तुम्ही साक्षीत सांगता तशी?"

हो सुमे. मी मंडळीपुढं उभा राहून देवाच्या कृपेची साक्ष देताना तुझी गोष्ट सांगतो. इथं प्लेनोत तीनदा सांगितली आहे. माझ्या बहिणीनं नकार कसा देवाची इच्छा म्हणून स्वीकारला, हूं की चूं केलं नाही. लोक डोळे पुसतात. अदिती ती ऐकत मोठी झाली. ती पुढं म्हणाली, "संस्थेनं मलाही नाही म्हटलं, तर मी आत्यासारखं ते मान्य करून परत येईन. आय प्रॉमिस. पण त्यांनी म्हणायला हवं."

माझ्या हातातली वेणी सुटली. मी तिला फोटोचं सांगितलं. म्हटलं, "अदू, मला जानेवारीतच कळलं होतं. तू परत यावीस म्हणून मी गप्प बसलो." तिनं हातातलं कणीस खाली ठेवलं. मला वाटलं, आता ही माझ्याशी आयुष्यभर बोलणार नाही. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? बी माझं नव्हतं. चला."

आणि घेऊन गेली फेलिपापुढं. मला ती दोन वाक्यं शिकवली, पहिलं थोडं बदलून. 'मी तुम्हाला सांगितलं नाही. चूक माझी आहे.' एकोणपन्नासाव्या वर्षी, सगळ्या बायांसमोर, मी ती म्हटली. जीभ वळेना, दोनदा म्हणावी लागली. फेलिपानं ऐकलं. माझ्याकडं बघितलं, अदितीकडं बघितलं. मग गरम भाकरीवर मीठ भुरभुरवून माझ्या हातात दिली. माफ केलं का, हे मी विचारलं नाही.

मी एकटाच परत आलो. दुसरं तिकीट वाया गेलं.

आल्यावर पंधरा दिवसांत संस्थेचा फॉर्म आला. आणखी दोन वर्षं राहायचं तर उमेदवाराच्या चर्चच्या मंडळीचं आणि कुटुंबाचं पत्र लागतं. मंडळीचा सेक्रेटरी मी, कुटुंबही मीच. एक रकाना होता, उमेदवाराची प्रकृती. मी पेन घेतलं आणि लिहायला लागलो: लहानपणी दमा होता, प्रकृती नाजूक. शब्द सरळ खाली उतरत होते. एवढं सगळं बघून आलेला मी, माझा हात तेच लिहीत होता. 'नाजूक' हा शब्द वाचला आणि मी उठून सिंकपाशी जाऊन उभा राहिलो.

कारण तो शब्द मी आधी एकदा लिहिला होता.

सुमेधा, आता ऐक. १९८६च्या जुलैमध्ये नवापूरकडच्या मिशनच्या दवाखान्यातून अण्णांच्या नावे पत्र आलं होतं. तुला त्यांनी निवडलं होतं. नकार नव्हता. त्यांनी लिहिलं होतं की अशी मुलगी आम्हाला हवीच आहे, फक्त वडिलांचं संमतीपत्र आणि प्रकृतीबद्दल दोन ओळी पाठवा. अण्णांचा उजवा हात तेव्हा लकव्यानं लुळा झालेला, पत्रव्यवहार मी बघायचो. मी ते पत्र अण्णांना वाचून दाखवलं नाही. मी उत्तर लिहिलं की मुलीला गेल्या वर्षी विषमज्वर झाला होता, तेव्हापासून प्रकृती नाजूक आहे, डोंगरातलं काम झेपणार नाही. खाली अण्णांची सही केली. मला पुण्याची नोकरी लागली होती, अदिती वर्षाची होती. तू नवापूरला गेली असतीस तर अण्णांजवळ मला राहावं लागलं असतं. कारण एवढंच होतं, त्याला दुसरं कुठलंही चांगलं नाव नाही.

तुला मी सांगितलं, जागा भरली म्हणे. तू पत्र बघायलासुद्धा मागितलं नाहीस. दादा सांगतोय म्हणजे खरंच. "देवाची इच्छा" म्हणालीस आणि अण्णांचं अंथरूण बदलायला गेलीस. मग तेरा वर्षं बदललंस, ते जाईपर्यंत. मी पुण्याहून, मग इथून, 'अण्णांना हे द्या, ते देऊ नका' असं उंटावरून शेळ्या हाकत राहिलो. तू लग्न केलं नाहीस, नगरच्या त्या दवाखान्यात दिवसपाळी-रातपाळी करत राहिलीस, आणि माझ्या मुलीला तुझं घड्याळ पाठवलंस. अदितीला त्या दारादारांत उभी असलेली बघून मला काय वाटलं सांगू? अशी असती माझी बहीण. मग वाटलं, असती कसली? आहेच. तिला कुठली चूक कबूल करायची नव्हती, एवढाच फरक.

अदितीला मी हे काल फोनवर सांगितलं. ती खूप रडली, माझ्यासाठी नव्हे. म्हणाली, "आत्याला आधी लिहा. मग माझा फॉर्म पाठवा." 'नाजूक' खोडून तो मी आज भरला. प्रकृतीच्या रकान्यात लिहिलं: उत्तम, वडिलांपेक्षा पुष्कळच. उद्या सकाळी हे पत्र आणि तो फॉर्म एकाच वेळी टपालात पडतील. मंडळीची बैठक पुढच्या रविवारी आहे. तिथं मी तीनदा खोटी साक्ष दिली, तिथंच चौथ्यांदा उभा राहून खरी देईन. सेक्रेटरीपद राहील की जाईल ते बघू, पुलाववाले काही उपाशी मरत नाहीत.

तुला लगेच काही लिहायला नको. फोन नाही केलास तरी चालेल, शिव्या देणार असशील तर मात्र जरूर कर, कार्ड मी घेऊन पाठवतो. माफ कर असं मी लिहीत नाही, ते मागायचं तोंड मला नाही. मला फक्त ती दोन वाक्यं येतात. तिथं परक्या भाषेत म्हणताना जीभ वळत नव्हती. आपल्या भाषेत तर एकवीस वर्षं वळली नाही.

मी तुला सांगितलं नाही. चूक माझी आहे.

आणि ज्या पत्राचं उत्तर तेव्हा चुकीचं गेलं, त्याचं बरोबर उत्तर खाली लिहून सही करतो. ते आता कुणाच्या उपयोगाचं नाही, पण कुठंतरी कागदावर असायला हवं, आणि ते तुझ्याजवळ असावं:

'कु. सुमेधा यशवंत साळवे हिची प्रकृती ठणठणीत आहे. ती कुठंही जाण्यास व कुठलंही काम करण्यास समर्थ आहे. घरच्यांची हरकत होती, ती फक्त तिच्या भावाची.'

या वेळी अण्णांच्या नावानं नव्हे, स्वतःच्या,

चारुदत्त यशवंत साळवे